कातळात उमटलेला आघात

अवकाशातून येणारा लघुग्रह किंवा त्याचा मोठा तुकडा पृथ्वीवर आदळला की जमिनीत पडणाऱ्या खड्ड्याला आघात-विवर म्हणतात. चंद्रावर अशी विवरे लाखोंनी आहेत. पृथ्वीवर खात्रीने ओळखलेली विवरे मात्र दोनशेच्या आसपासच आहेत. पृथ्वीवरही आघात पुष्कळ झाले, पण त्यांच्या खुणा इथे टिकत नाहीत. पाऊस आणि नद्या खडक झिजवतात, गाळ खड्डे बुजवतो आणि भूपट्टांच्या हालचालीत समुद्राचा जुना तळ पृथ्वीच्या पोटात ओढला जातो. भारतात सर्वसाधारणपणे तीन विवरे सिद्ध मानली जातात : मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील ढाला, राजस्थानात बारां जिल्ह्यातील रामगढ आणि महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. यांत लोणार सर्वांत तरुण आणि सर्वांत चांगले टिकलेले आहे.

जगाच्या दृष्टीने लोणारचे मोल त्याच्या दगडामुळे आहे. हे विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्या काळ्या कातळात पडले. रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात तळगडाचा डोंगर ज्या दगडाचा आहे आणि कुडा येथील बौद्ध लेणी ज्या दगडात कोरली आहेत, त्याच कुळातला हा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरांवर थर लाव्हा वाहिला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापणारे दख्खनचे लाव्हाप्रस्तर तयार झाले. तळा येथील कातळ शांतपणे थिजला आणि पुढे ऊनपावसात झिजत राहिला. लोणारच्या कातळाने त्याशिवाय एक प्रचंड तडाखा सोसला. या दोन दगडांत पडलेला फरक वाचणे, हाच विवरांच्या अभ्यासाचा गाभा आहे.

खड्डा कसा पडतो

अवकाशातून येणारी वस्तू पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेग घेते. बहुतेक लघुग्रह याहून वेगाने, सेकंदाला १५ ते २० किलोमीटर किंवा जास्त वेगाने येतात. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात सुमारे ४८ किलो टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा असते. त्यामुळे असा दगड जमिनीत नुसता रुतत नाही. आदळताक्षणी तो स्वतः आणि त्याखालचा खडक कमालीचा दाबला जातो, त्यांचा काही भाग वितळतो, काही भागाची वाफ होते, आणि आघाताची लहर ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जमिनीत पसरते.

ही प्रक्रिया तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात येणारा दगड आणि जमीन एकमेकांवर दाबली जातात. मोठ्या आघातातही हा टप्पा फार थोड्या वेळात संपतो. दुसऱ्या टप्प्यात आघाताची लहर ओसरताना खडक वर आणि बाहेर फेकला जातो आणि खड्डा उघडतो. तिसऱ्या टप्प्यात कडा ढासळतात, फेकलेला मलबा खाली बसतो आणि विवराला अंतिम आकार येतो. लोणारएवढे विवर मिनिटभराच्या आत तयार होते.

विवर साधारण गोल असण्याचे कारणही यातच आहे. खड्डा दगडाच्या घुसण्याने पडत नाही, आघाताच्या लहरीने पडतो, आणि ही लहर सर्व दिशांना पसरते. म्हणून लघुग्रह तिरपा आला तरी विवर गोलच होते. तो अगदी जमिनीलगत, फार कमी कोनात आला तरच विवर लांबट होते. विवराचा व्यास आदळणाऱ्या वस्तूच्या साधारण १० ते २० पट असतो. या हिशेबाने लोणारला आदळलेली वस्तू शंभर-दीडशे मीटरच्या घरातली असावी.

पृथ्वीवर दोन ते चार किलोमीटरपर्यंतची विवरे वाटीच्या आकाराची असतात. त्यापेक्षा मोठ्या विवरांत दाबलेला तळ उसळून मध्यभागी उंचवटा तयार होतो आणि कडा पायऱ्यापायऱ्यांनी खचतात. लोणार पहिल्या, साध्या प्रकारातले आहे.

लोणार : आकारावरून पडलेला प्रश्न

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि कडेपासून सुमारे १५० मीटर खोल आहे. त्याची कड भोवतालच्या सपाट जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच उठलेली आहे. तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. या जागेची ओळख जुनी आहे. विष्णूने येथे लोणासुराचा वध केला अशी कथा सांगितली जाते, गावातील दैत्यसूदन मंदिर त्या कथेशी जोडलेले आहे आणि आईन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख येतो. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली.

त्यानंतर दीडशे वर्षे एकच प्रश्न चर्चेत राहिला : हा खड्डा कशाने पडला? भोवती सगळीकडे ज्वालामुखीचा खडक असल्याने ज्वालामुखीचे उत्तर स्वाभाविक वाटले. वायूचा स्फोट झाला असावा किंवा खालची पोकळी कोसळली असावी, असेही तर्क मांडले गेले. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील एका विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य दाखवले. त्या वेळी गिल्बर्ट यांचा कल ॲरिझोनाच्या विवरालाही स्फोटाचेच कारण देण्याकडे होता.

ज्वालामुखीच्या उत्तरात एक मोठी अडचण होती. दख्खनचा ज्वालामुखी सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी शांत झाला आणि लोणारचा खड्डा त्यामानाने कालचा आहे. त्याची कड धारदार आहे, फेकलेला मलबा अजून जागेवर आहे, आणि इतक्या अलीकडच्या उद्रेकाचा लाव्हा किंवा राख आसपास कुठेही नाही. १९६४ मध्ये लॅफोंड आणि रॉबर्ट डिट्झ यांनी लोणार हे आघात-विवर असावे अशी शक्यता मांडली. मात्र नुसत्या आकारावरून अशी शक्यता सिद्ध होत नाही. वर्तुळाकार खड्डे ज्वालामुखीने पडतात, चुनखडी विरघळून पडतात आणि जमीन खचूनही पडतात. पुरावा दगडाच्या आतच शोधावा लागणार होता.

दगडातली साक्ष

ॲरिझोनातील त्याच विवरात, म्हणजे बॅरिंजर विवरात, असा पुरावा १९६० मध्ये मिळाला. युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील वालुकाश्मात कोएसाइट सापडले. हे क्वार्ट्झचे असे रूप आहे की ते तयार व्हायला जमिनीच्या पृष्ठभागावर कधीच नसणारा दाब लागतो. आघाताने क्वार्ट्झच्या कणांत एकमेकांना समांतर अशा अतिशय बारीक रेषाही उमटतात. जगातली बहुतेक विवरे क्वार्ट्झमधल्या या खुणांवरूनच सिद्ध झाली आहेत.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात. म्हणून लोणारसाठी दुसरी खूण शोधावी लागली. प्लॅजिओक्लेजवर फार मोठा दाब क्षणभर पडला की त्याची स्फटिकरचना मोडते. कणाचा बाह्य आकार तोच राहतो, तो वितळतही नाही, पण आतून तो काचेसारखा होतो. या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत गुस्ताव चेर्माक यांनी तो १८७२ मध्ये प्रथम ओळखला. तो अशनी मंगळावरून आलेला असल्याचे फार नंतर कळले. मॅस्केलिनाइटसाठी लागणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या लाखो पट असतो. जमिनीवरचा कोणताही ज्वालामुखी तो निर्माण करू शकत नाही.

हा बदल सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. दगडाची पारदर्शक होईल इतकी पातळ चकती घासून काढतात आणि ती दोन ध्रुवकांमध्ये ठेवतात. तळगडाच्या कातळातला प्लॅजिओक्लेज चकती फिरवताना उजळतो आणि काळवंडतो, कारण त्याची स्फटिकरचना शाबूत आहे. लोणारच्या आघात सोसलेल्या तुकड्यात त्याच आकाराचे कण कसेही फिरवले तरी काळेच राहतात. १९७३ मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणारच्या दगडांतील मॅस्केलिनाइट आणि आघाताच्या इतर खुणा दाखवून दिल्या. त्यांनी सरोवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांत सुमारे शंभर मीटर गाळाखाली फुटक्या खडकाचा जाड थर, म्हणजे ब्रेशिया, लागला आणि त्यातही त्या खुणा होत्या. लोणारचा वाद तिथे मिटला.

पुढच्या दशकांत विवराची रचना बारकाईने मोजली गेली. विवराच्या भिंतीत लाव्हाचे थर दिसतात. आघाताआधी ते आडवे होते. आज ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आणि कडेवर काही ठिकाणी पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटून वरचा थर खाली गेला आहे. कडेबाहेर सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत फेकलेला मलबा पसरलेला आहे. त्याचा खालचा भाग फारसा आघात न सोसलेल्या दगडगोट्यांचा आहे आणि वरच्या पातळ भागात वितळून थिजलेल्या काचेचे तुकडे मिसळलेले आहेत. काही ठिकाणी या मलब्याखाली आघातापूर्वीची काळी माती दबलेली सापडते. काचेच्या सूक्ष्म गोलकांत निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम यांचे प्रमाण स्थानिक बेसाल्टपेक्षा जास्त आढळले. ही मूलद्रव्ये लघुग्रहातून आली असावीत. मूळ वस्तूचा दुसरा कोणताही अवशेष तिथे सापडलेला नाही.

आघात लघुग्रहांवरही खुणा ठेवतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनी पडले. ते ज्या लघुग्रहाचे तुकडे होते, त्याला पूर्वी कधीतरी अवकाशातच दुसऱ्या वस्तूची धडक बसली होती. तुकड्यांतल्या वितळलेल्या बारीक शिरांत शास्त्रज्ञांना ब्रिजमनाइट सापडले. हे खनिज पृथ्वीच्या अंतर्भागात शेकडो किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली आढळते.

वयाचा प्रश्न

विवर कधी पडले हे ठरवणे कठीण काम आहे. लोणारच्या गाळातील सेंद्रिय पदार्थांवरून कार्बन पद्धतीने वय काढता येते, पण ते गाळाचे वय असते. विवर त्याहून जुनेच असणार, एवढेच त्यातून कळते. आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या काचेवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धत वापरून १९९७ मध्ये सुमारे ५२,००० वर्षे हा आकडा मिळाला. या पद्धतीत दगडातील खनिजांनी शेवटच्या तापण्यानंतर साठवलेली ऊर्जा मोजतात. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने काढलेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. या पद्धतीत पोटॅशियमच्या किरणोत्साराने तयार होणारा आर्गॉन वायू मोजला जातो.

दोन आकड्यांत दहापटींहून जास्त अंतर आहे आणि त्यामागे दोन्ही पद्धतींच्या मर्यादा आहेत. लोणारचा मूळ बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा असल्याने वितळलेल्या काचेत जुना आर्गॉन थोडाफार अडकून राहतो आणि वय फुगवतो. संशोधकांना तो हिशेबातून वजा करावा लागतो. थर्मोल्युमिनेसन्समध्ये उलट घडू शकते. साठवलेली ऊर्जा काळाच्या ओघात गळाली किंवा तिची साठवण भरून थांबली, तर वय प्रत्यक्षापेक्षा कमी येते. आज अनेक अभ्यासक जुन्या वयाकडे झुकतात.

सरोवराच्या तळाशी साठलेला पावसाचा इतिहास

विवराचा परिणाम आघाताच्या दिवशीच संपत नाही. लोणारच्या वाटीत पाणी साठले आणि त्याला बाहेर जायला वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी येते, ते फक्त बाष्पीभवनाने जाते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास राहतो. अशा पाण्यात मोजकेच जीव टिकतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हे त्याचे कारण आढळले.

पाणी बाहेर जात नसल्याने गाळही तळाशी थरांनी साठत राहतो. सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळाच्या नमुन्यावरून जर्मनीतील पोट्सडाम येथील भूविज्ञान संस्था आणि रायगड जिल्ह्यातील नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्यासह अनेक संशोधकांनी गेल्या अकरा हजारांहून अधिक वर्षांच्या पावसाळ्यांचा माग काढला. पाऊस कमी पडून सरोवर आटले की क्षार घट्ट होतात आणि गाळात गेलुसाइट नावाचे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक ज्या थरांत दाट आहेत, ते दीर्घ अवर्षणाचे थर. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी अशी लांबलेली कोरडी पर्वे आली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. आघाताने पडलेला खड्डा अशा रीतीने मध्य भारताच्या मान्सूनची एक विश्वासू नोंदवही ठरला आहे.

मोठा आघात आणि रायगडचे थर

लोणारच्या आघाताने काही किलोमीटर परिसर उद्ध्वस्त झाला असेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका आघाताने मात्र सारी पृथ्वी बदलली. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतील गुब्बिओ येथे डायनासोरांच्या अंताच्या काळातील मातीच्या पातळ थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवले. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार दुर्मीळ आणि लघुग्रहांत त्यामानाने मुबलक असते. पुढे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर गाडले गेलेले, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे चिक्सुलुब विवर १९९१ मध्ये या घटनेशी जोडले गेले. आदळलेली वस्तू दहा किलोमीटरच्या आसपासची होती. तिथल्या खडकात जिप्सम भरपूर असल्याने गंधकाची संयुगे आकाशात गेली. त्यांनी आणि काजळीने सूर्यप्रकाश अडवला, तापमान घसरले, वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावले आणि अन्नसाखळी कोसळली. त्या काळातील सुमारे तीन-चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या. २०१६ मध्ये या विवरात १,३०० मीटरहून अधिक खोल छिद्र घेऊन त्याचा खडक अभ्यासला गेला.

याच काळात दख्खनचा लाव्हाही वाहत होता. गुजरातमधील अंजार येथे लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी इरिडियमचे अंश नोंदवले. मग प्रश्न उभा राहिला : प्रजाती नष्ट होण्यात आघाताचा वाटा किती आणि ज्वालामुखीचा किती? या चर्चेत रायगड जिल्ह्यातील एका गावाचे नाव जगभर घेतले जाते. लाव्हाच्या एका जाड थरसमूहाला पोलादपूरचे नाव दिलेले आहे. सह्याद्रीच्या घाटांत दोन लाव्हाथरांच्या मध्ये दिसणाऱ्या लाल मातीच्या पट्ट्यांत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक मिळतात आणि त्यावरून वय काढता येते. २०१९ मध्ये एका गटाने असे मांडले की पोलादपूर थरांचा मोठा उद्रेक आघातापूर्वी काही दहा हजार वर्षे सुरू झाला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने आर्गॉन पद्धतीने वये काढून सांगितले की लाव्हाचा बहुतांश भाग आघातानंतर आला. वाद अजून चालू आहे. त्याचे उत्तर पोलादपूर आणि आंबेनळी घाटाच्या कातळातूनच मिळणार आहे.

रायगडच्या किनाऱ्याजवळ एक महाकाय विवर असल्याचा दावाही झाला आहे. शंकर चॅटर्जी यांनी १९९० च्या दशकात मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली सुमारे ५०० किलोमीटरचे ‘शिव’ विवर असल्याची कल्पना मांडली. मुंबई हायचा उंचवटा हे त्याचे मध्यवर्ती शिखर, असा त्यांचा दावा होता. बहुतेक शास्त्रज्ञ ही कल्पना मान्य करत नाहीत. भारतापासून सेशेल्सचा भूभाग तुटून गेला तेव्हा पश्चिम किनारा ताणला गेला आणि खचला. किनाऱ्याची रचना आणि पनवेलजवळ समुद्राकडे कललेले लाव्हाथर या घडामोडीवरून समजावता येतात. शिवाय आघात सोसलेल्या खनिजांचा सर्वमान्य पुरावा तिथे मिळालेला नाही. लोणारला लावलेली कसोटी याही दाव्याला लागू होते.

पुढचा आघात

३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीजवळ हवेतच झालेल्या स्फोटाने दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले, पण विवर पडले नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरची वस्तू हवेतच फुटली आणि सुमारे दीड हजार लोक मुख्यतः फुटलेल्या काचांनी जखमी झाले. लोणारला आदळली तेवढ्या आकाराच्या वस्तू फार क्वचित येतात, पण आल्या तर एक शहर पुसू शकतात. म्हणूनच दुर्बिणींनी पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह शोधून त्यांच्या कक्षा मोजल्या जातात. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले. या धडकेने त्याच्या दुसऱ्या लघुग्रहाभोवतीच्या फेऱ्याचा वेळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. म्हणजे साधारण लोणारला आदळली त्या मापाची वस्तू पुरेशी आधी दिसली, तर तिचा मार्ग बदलणे शक्य आहे. किती धक्का द्यावा लागेल हे ठरवताना दगड आघात कसा सोसतो याचे ज्ञान लागते, आणि त्यातले बरेचसे विवरांच्या अभ्यासातून आलेले आहे.

मंगळ आणि चंद्र यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट मोठ्या प्रमाणात आहे. त्यामुळे तिथली विवरे समजून घेण्यासाठी प्रत्यक्ष हाताळता येईल असा नमुना म्हणून लोणारकडे पाहिले जाते. २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. हा दर्जा पाणथळ जागेला आहे. विज्ञानाच्या दृष्टीने तेवढेच मोलाचे आहे ते कडेबाहेरचे मलब्याचे आवरण, आणि तेही तितक्याच काळजीने राखायला हवे. बांधकाम, नांगरट किंवा मुरमासाठीचे खोदकाम यांनी त्याचे थर एकदा विस्कटले की त्यांचा क्रम परत लावता येत नाही. विवराचे वय, आघाताची दिशा आणि आदळलेल्या वस्तूचे स्वरूप हे अजून पूर्ण न सुटलेले प्रश्न त्या क्रमावरच अवलंबून आहेत.